पालवी येण्यापूर्वीचे ऊन

आमच्या घरामागच्या अंगणात जुलै महिन्यात भर दुपारी बारा वाजता उभे राहिले, तरी अंगावर उन्हाचा कवडसा पडेलच याची खात्री नसते. दोन जुने ओक, एक उंच ट्युलिप ट्री आणि कुंपणापलीकडून आमच्या हद्दीत झुकलेला शेजाऱ्यांचा नॉर्वे मेपल अशा चार झाडांनी मिळून तेथे मांडव घातला आहे. त्या मांडवाखाली गवत उगवत नाही, गुलाब तगत नाही आणि टोमॅटोचे तर नावच काढायला नको. पेनसिल्व्हेनियातील बक्स काउंटीतल्या या घरात आम्ही २००६ साली राहायला आलो, तेव्हा मागच्या अंगणाचे काय करायचे, हा प्रश्न मला घराच्या हप्त्यांपेक्षाही अवघड वाटला होता.

पहिली तीन वर्षे मी त्या जागेशी भांडत होते. ‘सावलीतही वाढणारे’ म्हणून विकले जाणारे गवताचे बी दर सप्टेंबरात आणून पेरायचे, ऑक्टोबरात त्याची कोवळी लव दिसली की हरखून जायचे आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा उघडी माती बघत बसायचे, असा तो क्रम होता. चौथ्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात न्यू होप गावाजवळच्या बोमन्स हिल वन्यपुष्प उद्यानात जाण्याचा योग आला. डेलावेअर नदीच्या काठालगत १९३४ साली स्थापन झालेले हे उद्यान केवळ या प्रदेशातल्या मूळच्या वनस्पतींसाठी राखलेले आहे. वर बघितले तर झाडांवर एक पान नव्हते, फांद्यांचे नुसते सापळे होते, आणि खाली गेल्या वर्षीच्या तपकिरी पाचोळ्यातून पांढरी, पिवळी, गुलाबी आणि निळी फुले वर आलेली होती. मे महिन्याच्या शेवटी मी मुद्दाम त्याच वाटेने पुन्हा चालले, तेव्हा रान गर्द हिरवे झाले होते आणि त्या फुलांपैकी बहुतेकांची पानेसुद्धा जागेवर उरली नव्हती.

सावलीची बाग म्हणजे नेमके काय, हे मला त्या दोन फेऱ्यांमध्ये कळले. ज्यांना आपण सावलीतली फुले म्हणतो, त्यांतली कितीतरी खरे तर उन्हाचीच असतात. बर्फ वितळल्यापासून झाडांना पालवी फुटेपर्यंत जे पाच-सहा आठवडे मिळतात, त्यांतच जमिनीपर्यंत भरपूर ऊन पोहोचते. तेवढ्या अवधीत ती पाने काढतात, फुलतात, बी धरतात, पुढच्या वर्षाची शिदोरी कंदात भरून ठेवतात आणि वरचा मांडव मिटला की जमिनीखाली निघून जातात. माझे बालपण साताऱ्यात गेले. कासच्या पठारावर पहिल्या पावसाने जागे होणारे आणि पाऊस सरताच पुन्हा झोपी जाणारे कंद मी लहानपणापासून पाहिले होते, म्हणून ही रीत मला ओळखीची वाटली. फरक इतकाच की तेथे घड्याळ पाण्याचे आहे आणि येथे उजेडाचे. आपल्याकडे पळस आणि पांगारा पानांआधी फुलतात, पण तेथे झाड स्वतःच फुलते. येथे झाड अजून झोपेत असते आणि त्याच्या पायाशी वीतभर उंचीची मंडळी आपला संसार उरकून घेतात.

हे समजल्यावर अंगणाकडे बघण्याची दृष्टी बदलली. जुलैत तेथे किती अंधार असतो, या प्रश्नाला अर्थच उरला नाही. एप्रिलमध्ये तेथे किती ऊन असते, हे बघायला हवे होते. ओकला पालवी उशिरा, एप्रिलच्या अखेरीस फुटते, त्यामुळे ओकखालची जागा उत्तम. नॉर्वे मेपल मात्र युरोपातून आणलेले झाड; त्याला इथल्या झाडांच्या आधी पालवी येते, शरद ऋतूत त्याची पाने सर्वांत शेवटी गळतात, आणि त्याची उथळ मुळे ओलावा शोषून घेतात. त्याच्या खालच्या भागात मी आजवर जे जे लावले, ते दोन-तीन वर्षांत खंगत गेले. झाड शेजाऱ्यांचे आहे, शेजारी भले आहेत, त्यामुळे तो विषय मी वाढवत नाही.

मातीची तयारी म्हणून मी जे केले, त्यातले बरेचसे न करता आले असते तर बरे झाले असते. आमच्याकडची माती मुळात चिकण. पहिल्या वर्षी मी कुदळ घेऊन वाफा खणायला गेले आणि ओकची मुळे तोडून बसले. मोठ्या झाडाखाली वाफा खणायचा नसतो. दोन मुळांच्या बेचक्यात अरुंद खुरप्याने एका रोपापुरता खळगा करायचा, त्यात कुजलेल्या पानांचे खत मूठभर घालायचे आणि बाकी जमिनीला हात लावायचा नाही. रासायनिक खत तर मुळीच नको. रानात या झाडांना दरवर्षी मिळते ते फक्त पानांचे आच्छादन, आणि नेमके तेच आम्ही दर नोव्हेंबरात पैसे देऊन उचलून नेववत होतो. पाने गोळा करणाऱ्या माणसांना मागचे अंगण सोडा असे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले होते.

आईने मात्र सहानुभूती दाखवली नाही. ती २०१२ साली पहिल्यांदा आली, ती नेमकी पानगळीच्या दिवसांत, आणि रोज सकाळी सडा घातलेल्या अंगणात आयुष्य गेलेल्या बाईला तो पाचोळा बघवेना. “अगं, एवढा कचरा दारात ठेवतं का कुणी? झाडू दे इकडे, मी काढते,” म्हणून ती खराट्याची चौकशी करू लागली. मी तिला समजावून सांगितले की याच्याखाली झाडे झोपली आहेत, तर म्हणाली, “मग पांघरूण नीट तरी घाल.” ते तिचे बरोबरच होते. ओकची पाने चिवट असतात, ओली होऊन एकावर एक चिकटली की त्यांचा चामड्यासारखा थर होतो आणि बारीक कोंब त्याखाली गुदमरतात. तेव्हापासून मी वाफ्यांवरची पाने गवत कापायच्या यंत्राखाली घालून बारीक करते आणि दोन इंच थर पसरते. कुंपणाजवळच्या कोपऱ्यातली पाने मात्र तशीच अखंड ठेवते, कारण कित्येक पतंगांचे कोश त्या पानांत गुंडाळून हिवाळा काढतात, आणि यंत्राला पान आणि कोश यांतला भेद कळत नाही.

पाचोळ्याचा विषय निघाला आहे, तर गांडुळांबद्दलही सांगायला हवे, कारण या एका बाबतीत माझे शालेय शिक्षण पूर्ण उलटे पडले. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केलेले आहे आणि शेताच्या बाबतीत ते खरेही आहे. पण उत्तर अमेरिकेच्या ज्या भागावर हिमयुगात बर्फाची चादर होती, तेथे मूळची गांडुळे उरलीच नव्हती. आज तेथे सापडतात ती युरोपातून आणि आशियातून माणसाबरोबर आलेली. तिथली रानफुले हळूहळू कुजणाऱ्या जाड पाचोळ्यात वाढायला सरावलेली आहेत आणि गांडुळे तो थर भराभर खाऊन टाकतात. आमचा भाग त्या बर्फाच्या सीमेच्या दक्षिणेला आहे, तरी पूर्व आशियातून आलेल्या, हात लावताच सापासारख्या उसळ्या मारणाऱ्या गांडुळांचा उपद्रव येथेही पोहोचला आहे. त्यांच्यामुळे वरची माती कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ आणि सुटी होते आणि मुळांना धरायला काही उरत नाही. ती आहेत की नाहीत हे पाहण्याची येथे सांगितली जाणारी पद्धत मराठी घरात सहज जमण्यासारखी आहे: चार लिटर पाण्यात अर्धी वाटी मोहरीची पूड कालवून ते पाणी जमिनीवर हळूहळू ओतायचे. गांडुळांना ती झोंबते आणि ती वर येतात. झाडांना त्याने अपाय होत नाही. मी मैत्रिणींकडून रोपांची देवघेव करताना आता कुंडीतली माती झटकून, मुळे धुऊनच रोप घरात आणते. लोणच्याची मोहरी संपली की घरात चौकशी होते, तो भाग वेगळा.

आता फुलांकडे वळते. आमच्याकडे सर्वांत आधी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, ब्लडरूट उमलते. कळी वर येते तीच मुळी पानात गुंडाळलेली, शालीत लपेटलेल्या तान्ह्या बाळासारखी. पान अर्धे उलगडते न उलगडते तोच आठ-दहा शुभ्र पाकळ्यांचे फूल त्याच्या वर डोके काढते. ऊन असेल तर उघडते, ढग आले की मिटते, आणि परागण झाले की वाऱ्याच्या एका झुळकीत सगळ्या पाकळ्या गळून पडतात. तीन-चार दिवसांचा हा सोहळा असतो आणि त्यात हमखास एक दिवस पावसाचा निघतो. याचा आडवा कंद मोडला तर त्यातून लालभडक चीक येतो, त्यावरून हे नाव पडले. हा चीक इथल्या मूळ रहिवाशांनी रंगासाठी वापरला. त्वचेवर लावण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडू नये, कारण तो मांस जाळतो. त्यातल्या सँग्विनरीन या विषारी द्रव्याला नावही याच वनस्पतीवरून मिळाले, आणि तेच द्रव्य आपल्याकडे माळरानावर, रस्त्याच्या कडेला उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्याच्या बियांतही असते. पिवळा धोत्रा हाही मूळचा अमेरिकेतलाच, आणि ब्लडरूटप्रमाणे अफूच्या कुळातला. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत जलशोथाची जी साथ आली होती, तिच्या बातम्या वाचल्याचे मला आठवते. तिच्या मुळाशी असलेल्या विषाचे नाव वीतभर उंचीच्या या निष्पाप दिसणाऱ्या फुलाशी जोडलेले आहे, हे मला फार उशिरा समजले.

ब्लडरूटच्या मागोमाग स्प्रिंग ब्यूटी येते. तिचे कंद वाटाण्याएवढे, पाने गवतासारखी, फुले फिक्या गुलाबी रंगाची आणि त्यांवर गडद गुलाबी रेघा. एक लहानशी मधमाशी आपल्या पिलांसाठी जवळजवळ फक्त याच फुलाचे पराग गोळा करते आणि ते पराग गुलाबी असल्यामुळे तिच्या पायांवर गुलाबी पोटऱ्या बांधल्यासारख्या दिसतात. ही फुले हिरवळीतही पसरतात. त्यांच्यासाठी मी गवताची पहिली कापणी मेपर्यंत लांबवते. डचमन्स ब्रीचेस हे फूल म्हणजे दोरीवर उलटा वाळत घातलेला पांढरा चोळणा, कमरेशी पिवळी पट्टी असलेला. त्याचा मकरंद इतका आत असतो की तो लांब जिभेच्या भुंग्यांच्या राण्यांनाच सरळ मार्गाने मिळतो, आणि आखूड जिभेच्या माश्या मागून भोक पाडून चोरी करतात. ट्राउट लिलीबद्दल माझी थोडी तक्रार आहे. तिची पाने ट्राउट माशाच्या अंगासारखी ठिपक्यांची, फार देखणी असतात. पण एकच पान असलेले रोप फुलत नाही, दोन पाने यावी लागतात, आणि माझ्याकडच्या दीड-दोनशे रोपांपैकी दोन पानांची रोपे गेल्या वर्षी नऊ होती. तिचा कंद दरवर्षी नवे धुमारे काढून स्वतःला आणखी खोल नेतो आणि पुरेसा खोल गेल्याशिवाय फुलण्याचे मनावर घेत नाही.

व्हर्जिनिया ब्लूबेल्स मला शेजारच्या एका वृद्ध बाईंनी दिल्या, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी, जाडजूड मुळे. एप्रिलच्या मध्यावर त्यांच्या गुलाबी कळ्या उमलताना आकाशी होतात, आणि एकाच झुबक्यात दोन्ही रंग दिसतात. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळल्यावर ते गुलाबी-जांभळे होते, तीच रंगद्रव्ये येथे उलट्या दिशेने काम करतात: फूल उमलताना पेशीतली आम्लता बदलते आणि गुलाबीचा निळा होतो. लावायला सर्वांत सोपे आणि मनाला सर्वांत लवकर समाधान देणारे झाड हेच. पण जूनच्या सुरुवातीला त्याची पाने पिवळी पडून लोळतात आणि पाहता पाहता जागा रिकामी होते. २०११ च्या ऑक्टोबरात ती जागा रिकामी आहे असे समजून मी तेथे डॅफोडिलचे कंद लावायला खड्डे खणले आणि शेजारीणबाईंच्या भेटीचे तुकडे तुकडे करून ठेवले. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी खूण म्हणून एक चपटा दगड ठेवते, आणि रिकामे दिसणारे मधले भाग नेचे, रानटी आले आणि फोमफ्लॉवर यांनी भरून काढते. रानटी आल्याचा आपल्या आल्याशी संबंध फक्त मुळाच्या वासापुरता आहे. ते खायचे नाही. मेॲपलचा उपयोगही याच कामासाठी होईल असे वाटले होते. हिरव्या छत्र्यांसारखी त्याची पाने सुरेख दिसतात, पानांखाली एकच पांढरे फूल लपलेले असते आणि आपल्या हिमालयातल्या वनककडीचे ते जवळचे नातेवाईक; दोघांमधल्या द्रव्यावरून कर्करोगावरचे औषध तयार झाले आहे. तथापि ते जमिनीखालून असे पसरते की दहा बाय दहाच्या वाफ्यात त्याला जागा देणे म्हणजे उंटाला तंबूत घेणे. मी त्याला दोन वर्षे खणून काढत आहे.

आईची दुसरी भेट मे महिन्यात झाली. ट्युलिप ट्रीच्या बुंध्याशी तीन-तीन पानांची झाडे उभी होती आणि त्यांच्यामध्ये हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचे, वरून झाकण असलेले नळकांडे होते. येथे त्याला जॅक-इन-द-पल्पिट म्हणतात, म्हणजे चर्चमधल्या व्यासपीठात उभा राहिलेला जॅक. आई वाकून बघत म्हणाली, “अगं, हा तर आपला सापकांदा!” तिचे म्हणणे अगदी खरे होते. जूनच्या पावसात सह्याद्रीत फणा काढून उभा राहणारा सापकांदा आणि हा जॅक एकाच प्रजातिगटातले, अळू आणि सुरणाच्या कुळातले आहेत, आणि दोघांचेही कंद कच्चे खाल्ले तर तोंडात सुया टोचल्यासारखे होते, खाजऱ्या अळूचा घास ज्याने घेतला आहे त्याला ते सांगायला नको. या झाडाची आणखी एक गंमत अशी की त्याचे लिंग त्याच्या तब्येतीवर ठरते. कंद लहान असेल तर झाड नर, कंद पोसला की मादी, आणि एखाद्या वर्षी फळे धरून ते थकले की पुन्हा नर. बारीक चिलटे या नळकांड्यात उतरतात. नर झाडाच्या तळाशी त्यांना बाहेर पडायला फट असते, मादीत ती नसते, त्यामुळे पराग पोहोचवून चिलट आतच अडकते. आईने हे सगळे ऐकून घेतले आणि “कठीण आहे बाई,” एवढेच म्हणाली.

एका फुलाबाबत मी पुरती फसले, ते येथे लिहून ठेवते. अंगणाच्या खालच्या, ओलसर टोकाला पहिल्याच वर्षी चकचकीत हृदयाकृती पानांचा आणि सोनेरी फुलांचा गालिचा आपोआप आला होता आणि मी तो पाहुण्यांना अभिमानाने दाखवत होते. ते लेसर सेलँडाइन होते, युरोपातून आलेले. या रानफुलांच्याच वेळापत्रकाने, पण त्यांच्या थोडे आधी उगवून ते सगळी जमीन झाकून टाकते, आणि मुळांशी असलेल्या शेकडो बारीक गाठींपैकी एक जरी मातीत राहिली तरी पुन्हा उगवते. आमच्या भागातल्या ओढ्यांचे काठच्या काठ त्याने व्यापले आहेत. त्याला उपटून घराच्या कंपोस्टमध्ये टाकण्याची चूकही मी केली, म्हणजे पुढच्या वर्षी खताबरोबर ते सगळ्या वाफ्यांत पोहोचले. आता फेब्रुवारीअखेर पहिले पान दिसले की गुडघ्यांवर बसून गाठींसकट खणते आणि पिशवीत बांधून कचऱ्यात देते. गार्लिक मस्टर्ड ही दुसरी युरोपीय पाहुणी त्यामानाने परवडते. ती सहज उपटते, तिला लसणाचा वास येतो, आणि कोवळी पाने शेंगदाण्याच्या कुटाबरोबर चटणीत बरी लागतात.

ट्रिलियमसाठी मात्र वेगळा परिच्छेद हवा, किंबहुना वेगळे वर्ष हवे. तीन पाने, तीन हिरवी निदले, तीन पाकळ्या, असा बेलाच्या पानाची आठवण करून देणारा त्याचा बांधा. मोठ्या पांढऱ्या ट्रिलियमचे फूल एप्रिलच्या शेवटी उमलते आणि जुने होताना हळूहळू गुलाबी होत जाते. ओहायोचे राज्य रानफूल आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचे फूल हेच. बी पेरल्यावर पहिल्या वसंतात जमिनीखाली फक्त मूळ येते, दुसऱ्या वसंतात एक बारीक पान दिसते, पुढे काही वर्षांनी तीन पाने होतात, आणि फूल यायला एकूण सात ते दहा वर्षे लागतात. इतकी वर्षे रोप सांभाळून विकायचे तर त्याची किंमत जास्तच असणार, आणि येथेच ग्राहक म्हणून आपण सावध असायला हवे. टपालाने रोपे पाठवणाऱ्या एका ठिकाणाहून मी स्वस्त मिळाले म्हणून दहा ट्रिलियम मागवले होते. वाळलेले, मुळे तुटलेले कंद भुशात घालून आले. दोन उगवले, एकही टिकला नाही. नंतर समजले की असले स्वस्त कंद बहुधा रानातून उपटून आणलेले असतात. ‘रोपवाटिकेत वाढवलेले’ या शब्दांवर विसंबू नये, कारण रानातून आणून एक मोसम कुंडीत ठेवले तरी ते म्हणता येते. बियांपासून किंवा कंदाच्या विभागणीतून तेथेच तयार केले आहे का, असा थेट प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तराला जो विक्रेता अडखळतो, त्याच्याकडून मी आता काहीही घेत नाही. माझे पुढचे तीन ट्रिलियम मी पुरेसे पैसे मोजून एका स्थानिक रोपवाटिकेतून आणले, पाऊण वीत खोल लावले आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत कोरड पडली तेव्हा पाणी दिले. ते अजून आहेत.

आहेत ते कुंपणामुळे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना ट्रिलियम फार आवडते, आणि त्याचे शेंडे खाल्ले गेले की फूल, पाने, सगळेच जाते. नवीन पान त्या वर्षी फुटत नाही, कंद उपाशी राहतो आणि दोन-तीन वर्षे असे झाले की मरतो. फूल देठासह तोडणाऱ्या माणसामुळेही हेच होते. रानातले ट्रिलियम किती उंच वाढतात, यावरून त्या रानात हरणे किती झाली आहेत याचा अंदाज जाणकार घेतात. बोमन्स हिलने आपल्या रानाभोवती हरणांना अडवणारे उंच कुंपण घातले आहे. आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे आठ फूट उंचीची काळी जाळी लावली. तरी हरणांवर मला पूर्ण रागावता येत नाही. ट्रिलियमच्या बीवर मुंग्यांसाठी तेलकट खाऊचा एक तुकडा असतो; मुंग्या बी वारुळात नेतात, खाऊ खातात आणि बी टाकून देतात. मुंगी बी नेणार ती फार तर काही मीटर. या चालीने बर्फ मागे हटल्यानंतर ट्रिलियम दक्षिणेकडून कॅनडापर्यंत कसे पोहोचले असेल, हे कोडे होते. हरणांच्या विष्ठेत उगवणक्षम बिया सापडल्या तेव्हा ते बरेचसे सुटले.

२०१० पासून मी एका वहीत दोन तारखा लिहिते: पहिले ब्लडरूट उमलले ती आणि ओकखाली उभे राहून आकाश दिसेनासे झाले ती. २०१२ चा मार्च विलक्षण गरम होता, तेव्हा ब्लडरूट महिन्याच्या मध्यावरच फुलले; २०१८ मध्ये मार्चमध्ये एकामागून एक हिमवादळे आली आणि त्याने एप्रिलच्या मध्यापर्यंत वाट पाहायला लावली. पंधरा वर्षांच्या नोंदींवरून काही सिद्ध करण्याइतकी मी धीट नाही. पण मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावी निसर्गलेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात अशाच नोंदी करून ठेवल्या होत्या, आणि त्यांची आजच्या निरीक्षणांशी तुलना करणाऱ्या शास्त्रज्ञांना असे दिसले की रानफुले आणि झाडे दोन्ही आता लवकर जागी होतात. झाडे मात्र फुलांपेक्षा अधिक लवकर. म्हणजे दोन तारखांमधले अंतर, ज्यावर या फुलांचा सारा संसार चालतो, तेच कमी होत आहे. माझ्या वहीत त्या अंतराचा रकाना मी त्यानंतर लाल शाईने आखून घेतला.

विकत घेतलेल्या ट्रिलियमला २०१४ साली पहिल्यांदा बी धरले, तेव्हा बोंड फुटण्याआधीच त्याला मलमलीची पुरचुंडी बांधून मी ते मिळवले. या कुळाचार पाळणाऱ्या बिया वाळल्या की रुसतात, ब्लडरूटच्याही. त्या काढल्या त्याच दिवशी पेरायच्या असतात. पेरल्या. २०१६ साली अकरा बारीक पाने दिसली. पुढच्या वर्षांत त्यांतली चार खारींनी उकरली, तीन कुठे गेली ते कळले नाही. २०२३ साली एकाला कळी आली आणि त्याच आठवड्यात बागेचे फाटक रात्री उघडे राहिले. सकाळी देठ तेवढा उभा होता. फाटक कोणी उघडे टाकले, यावर घरात अजून एकमत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच्या शेजारच्या रोपाला फूल आले. दोन आठवडे ते पांढरे राहिले, मग कडांपासून गुलाबी होऊ लागले, आणि तोवर वर ओकची पाने जुळून आली होती. जुलैत बोंड पिकले, त्यात चौदा बिया निघाल्या. सात मी त्याच संध्याकाळी दगडाच्या खुणेशेजारी पेरल्या आणि सात पाचोळ्यावर मोकळ्या ठेवल्या. अर्ध्या तासाने कंदील घेऊन बघायला गेले, तेव्हा त्यांतल्या पाच मुंग्यांनी हलवल्या होत्या.